बेरजेआधीचं शून्य

आमच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरची सी भाषा शिकवणाऱ्या सरांना पोरं पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायची. मी तिथली लॅब सांभाळते, बारा वर्षं या माणसाला बघतेय. जेवायला बसले की आधी डब्याचं झाकण निरखणार, कुणी उघडलं तर नाही ना! कुणाचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला की यांच्या कपाळाला आठी. "कुणाचा उतरवलास?"

यंदा परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे कॉम्प्युटर आले. प्रश्न अगदी सोपा: पाच आकडे घ्या, लूप फिरवा, बेरीज दाखवा. अकरा जण बसले आणि अकराही जणांची बेरीज भलतीच आली, लाखांच्या घरात! सरांनी सगळ्यांचे प्रोग्राम छापून टेबलावर मांडले. ओळ न् ओळ सारखी.

"बघितलंत? एकीनं लिहिलं, दहांनी उतरवलं."

ती एक म्हणजे सगळ्यांच्या आधी उठलेल्या शिवणकामवाल्या बाई. चाळिशी उलटलेली, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून संध्याकाळी क्लासला यायच्या. कपड्यांच्या कारखान्यात त्यांना कॉम्प्युटरवरचं काम मिळत होतं, फक्त सर्टिफिकेट हवं होतं. सरांनी त्यांना कॉपी पुरवली म्हणून धरलं आणि कारखान्यालाही फोन करून कळवून टाकलं. माझं डोकंच फिरलं.

"अहो सर, विचारा तरी त्यांना!"

"तुम्ही त्यांची बाजू का घेताय?"

घ्या, म्हणजे आता मीही त्यात सामील!

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. वही पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही फळ्यावर लिहिलंत तसंच लिहिलंय, सर."

सरांनी नखानं शाई खरवडून पाहिली, काल रात्रीच लिहिली की काय म्हणून! मग मीच कपाटातून सरांची जुनी वही काढली. दरवर्षी ते हिच्यातूनच फळ्यावर उतरवतात. बेरीज साठवायला जागा केली होती, तिला नावही दिलं होतं, पण सुरुवातीला तिच्यात शून्य ठेवायचं राहून गेलं होतं. सीमध्ये अशा जागेत आधीचं काहीबाही पडलेलं असतं आणि बेरीज त्याच्यावरच चढत जाते. जुन्या मशीनवर नशिबानं तिथे शून्यच सापडायचं, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. सरांचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण उठले हो. मला आणि बाईंना घेऊन तसेच कारखान्यात गेले. बाई गेटाशीच थांबल्या.

"कॉपी झालीच नाही," सर तिथल्या साहेबांना म्हणाले. "चूक माझी आहे. मीच चुकीचं शिकवलं."

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काल कॉपी होती, आज नाही? मास्तर, बाईंनी काय देऊ केलं तुम्हाला?"

"विश्वास ठेवा हो माझ्यावर..."

"राहू द्या. दुसरा माणूस घेतला आम्ही."

बाहेर आल्यावर सर माझ्यामागेच राहिले. मलाच सांगावं लागलं. बाई सरांकडे वळल्या.

"तुम्हाला तरी पटलं ना, मी कुणाला कॉपी दिली नव्हती ते?"

सरांनी होकारार्थी मान हलवली आणि ते तिथेच, भर रस्त्यात, तोंड झाकून रडले.