चिकाचे तीन दिवस

गंगाखेडच्या स्टेशनवर आई मला सोडायला आली तेव्हा मला पाचवा महिना होता. नवऱ्याला बेंगळुरूत नोकरी लागली होती. गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून चार पावलं चालली. "पयलं बाळंतपण माहेरीच करायचंय. सातव्यात न्यायला येते," म्हणाली.

सातव्या महिन्यात बाबा घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. आईला आमचं गाव, राणीसावरगाव, सोडता येईना. इकडे माझं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मुलगी बेंगळुरूतच झाली.

मैत्रिणींनो, गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्या, ते दिवस तुम्हाला सांगते, कारण मला कुणी सांगितले नव्हते. दूध येईचना. नुसता थेंबभर पिवळा, चिकट चीक. मुलगी ओढायची, दमायची, रडायची. दुसऱ्या दिवशी तिचं वजन जरा उतरलं, तसा नवरा डब्याचं दूध आणायला निघाला. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते.

दवाखान्यातल्या मंजुळम्मा नावाच्या वयस्क सिस्टरनं त्याला दारातच थांबवलं. बाळाचा ओला लंगोट बघितला. "शू होतेय, म्हणजे पोटात जातंय. एवढं वजन सगळ्यांचंच उतरतं," हिंदीत म्हणाली. मग बाळाला उघडं करून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, पाठीशी उशी दिली, तिचं तोंड मोठं उघडून नीट धरायला लावलं. "चीक थोडाच असतो, पण तेवढा पुरतो. दर दोन तासांनी घे. ती ओढेल तसं वाढेल. हालु बरुत्ते." दूध येईल. मी शिकलेलं पहिलं कानडी वाक्य.

आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"चीक टाकू नको बाई. तुझ्या येळंला मला पिळून टाकायला लावला. तीन दिवस तुला गुळाच्या पाण्यावर ठेवलं. तू रडायली व्हतीस अन् मी नुसती बघत ऱ्हायले. कुणाला काही बोलले न्हाई."

तीस वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग आता काय करू?"

"लावत ऱ्हा. मी फोन ठेवत न्हाई."

खरंच ठेवला नाही. मी मुलीला घेऊन बसले आणि उशाशी ठेवलेल्या फोनमधून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला, मधेच बाबांचा खोकला.

चौथ्या दिवशी सकाळी छाती दगडासारखी जड झाली, झगा भिजला. मुलगी घटाघटा गिळायला लागली. फोनवर आईलाही तो आवाज ऐकू गेला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही.

यंदा दिवाळीला मुलीला पहिल्यांदा गावी नेलं. एवढे नवे चेहरे बघून ती भेदरली, कुणाकडेच जाईना. मी आतल्या खोलीत पाजायला बसले, तशी ती मिनिटभरात शांत झाली. आई दारात उभी होती.

"हिचं घर हिच्यासंगंच आलंय बघ," म्हणाली.

तिचं आलं. मला मात्र अजून दोन घरं लागतात. एक, जिथं मी आई झाले ते. आणि दुसरं, जिथं दमून गेल्यावर अजूनही कुणाची तरी लेक होता येतं.