कुठली अक्का?

आमच्या बंगळुरातल्या चामराजपेटेत अक्का कुणालाही म्हणतात. फूलवाली अक्का, वरच्या मजल्यावर शिकवणी घेणारी मुलगीही अक्का. घरात आम्ही मराठी बोलतो, पण हा शब्द पिढ्यानपिढ्या आमचाच झालाय. म्हणून माझी नऊ वर्षांची नात फोनमध्ये डोकं घालून "अक्काशी बोलतेय" म्हणाली की कुणी मान वर करत नसे. शिकवणीवाली असेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

त्याच फोनवर ती आपल्या नाचाचे व्हिडिओ टाकायची. मला ते पहिल्यापासून खटकायचं. मुलगा म्हणाला, "आई, सगळीच पोरं टाकतात."

"दारात अनोळखी माणूस आला तर पोरीला त्याच्यापुढे नाचायला उभी करशील का?"

"तुझं काहीतरीच," म्हणून तो हसला आणि व्हाइटफील्डच्या ऑफिसला नेणाऱ्या कॅबमध्ये जाऊन बसला.

एका संध्याकाळी शिकवणीवाली कढीपत्ता मागायला खाली आली. मी म्हटलं, "फोनवर पोरीशी एवढं काय बोलतेस ग? शिकवायचं ते वरच शिकव की."

"मी? अज्जी, मी कधीच फोनवर बोलत नाही तिच्याशी."

मी गॅस बंद केला आणि पोरीला हाक मारली. "कुठली अक्का ग ही?"

"फोनमधली. खूप छान आहे ती."

"तोंड पाहिलंस तिचं?"

"फोटोत मांजर आहे."

मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. म्हटलं, मोठ्यानं वाच. बोली कानडी होती, अक्षरं इंग्रजी. नाच छान झाला. तो लाल फ्रॉक पुन्हा घाल. शाळेचं गेट कुठल्या रस्त्याला? न्यायला कोण येतं? आणि अज्जी दुपारी झोपते का?

"काय सांगितलंस?"

"जेवल्यावर झोपते म्हणून."



"लाव फोन," मी म्हटलं. "अक्का आहे ना, बोलू दे."

पलीकडून कापला. परत लावला, परत कापला. मग अक्षरं आली. पोरगी वाचायला लागली, "स्वल्प कामात आहे. तुझ्याजवळ कोण..." आणि थांबली.

"अज्जी, ती बोलत का नाही?"

"बोलली तर आवाज कळेल ना."

मुलाने ते सगळं पोलिसांना नेऊन दाखवलं, मग पोरीचं खातं बंद केलं. "बाई खरीही असेल कदाचित," असं तो अजून म्हणतो. असेल. पोरगी माझ्यावर रुसली. रुसू दे.

आता जेवल्यावर मी झोपत नाही. शाळा सुटायच्या आधी गेटवर जाऊन उभी राहते. मांजराच्या फोटोमागचं माणूस कसं दिसतं, मला काय ठाऊक? म्हणून सगळ्यांचीच तोंडं बघते. कुणी पोरीला हसून हात केला की मी तिचं मनगट धरते आणि विचारते, "ही कुठली?"