अत्तारांच्या कॅलेंडरची अट

यासीन अत्तार गेल्याची बातमी मला फोनवर कळली नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट त्यांनाच वाटलं असतं. आम्ही दोघंही टेलिफोन खात्यातले. ते लाइनमन, मी तक्रार विभागात. लोकांनी माझ्यावर खेकसायचं, मी अत्तारांवर, आणि अत्तारांनी कुठल्यातरी खांबावर चढून गपगुमान तार जोडायची, अशी आमची साखळी वर्षानुवर्षं चालली होती. आणि नेमका माझ्याच घरचा फोन आठवडाभर मुका होऊन पडलेला. मोबाइल मी पर्समध्ये ठेवते आणि पर्स कपाटात, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी त्यांची मुलगी नाझनीन भवानी पेठेतून रिक्षा करून विश्रांतवाडीला आली. दारातच म्हणाली, "मावशी, अब्बा गेले. काल दुपारी. तुमचा फोन लागत नव्हता." मी इतकी भांबावले की तोंडातून निघालं, "अगं, तक्रार नोंदवलीय मी..." ती रडता रडता हसली. मग मला रडू आलं.

आता दोन महिने होऊन गेले. लोक विचारतात, अत्तार तुमचे कोण? सहकारी म्हणावं तर नोकरी सुटून किती वर्षं झाली. शेजारी नाहीत, नात्यातले तर नाहीतच. खरं सांगायचं तर ते मला दरवर्षी एक कॅलेंडर विकायचे. पण त्या कॅलेंडरची गोष्ट सांगितल्याशिवाय ते माझे कोण होते हे मलाही धड सांगता येणार नाही.

लाइनमन माणूस घराघरांत शिरतो. त्या काळी फोन बैठकीच्या खोलीत असायचा आणि फोनच्या डोक्यावर हमखास कॅलेंडर. कुणाकडे देव, कुणाकडे गुटगुटीत बाळ, कुणाकडे खतांच्या दुकानाने फुकट दिलेलं स्वित्झर्लंड. अत्तारांकडे एक जुना कॅमेरा होता आणि रविवारी तो गळ्यात अडकवून भटकायची सवय. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, पुण्यात घरोघर स्वित्झर्लंड टांगलंय. आपल्या मांजरी गावचा ऊस काय वाईट दिसतो?" मी म्हटलं, "उसाकडे बघत कोण बसणार आहे, अत्तार?" ते म्हणाले, "तेच तर बघायचंय." आणि भल्या गृहस्थानं खरोखरच स्वतःच्या फोटोंचं कॅलेंडर काढलं. बारा पानं, वर फोटो, खाली तारखांच्या चौकटी, डोक्यावर टिनाची पट्टी. मांजरीच्या उसाला आलेले तुरे, मार्केट यार्डातली पोत्यांची थप्पी, गुलमोहराच्या पाकळ्यांनी झाकून गेलेलं सायकल स्टँड. शनिवारवाडा नाही, पर्वती नाही. त्यांचा एक हट्ट होता, जानेवारीचा फोटो जानेवारीतच काढलेला हवा. "मार्चचं ऊन जानेवारीत लावलं तर लोकांना कळतं," म्हणायचे. मला काही कळायचं नाही, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. म्हणजे एरवी दाखवते, त्या वेळी नाही दाखवलं.

पहिल्या वर्षी फजिती झाली. ऑफिसात सगळ्यांनी कौतुकानं कॅलेंडर उघडलं आणि पहिला प्रश्न आला, "चतुर्थी कुठाय?" चतुर्थी नव्हती. एकादशी नव्हती. अमावस्याही नव्हती. निव्वळ तारखा आणि वार. फोटोच्या नादात तिथ्या राहूनच गेल्या होत्या! आमच्या हेडक्लार्कांनी कॅलेंडर गुंडाळून परत दिलं आणि म्हणाले, "छान आहे हो, पण याच्या शेजारी आणखी एक टांगावं लागेल." पुण्यात इतकं बोललं की माणूस महिनाभर घराबाहेर पडत नाही. अत्तार दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे पंचांग मागायला आले. तेव्हापासून त्यांच्या कॅलेंडरवर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ असायची आणि ईदच्या तारखेखाली बारीक अक्षरात 'चंद्र दिसल्यास'. "दोघांनाही चंद्राचीच वाट बघायची असते, बाई," ते म्हणाले, "फक्त तुमचा वेळ पाळतो."

दुसऱ्या वर्षापासून त्यांनी एक अट घातली. नवं कॅलेंडर हवं असेल तर मागच्या वर्षीचं जुनं परत द्यायचं. जुनं नाही तर नवं नाही. ही काय भानगड, कुणालाच कळेना. कुणी म्हणालं, रद्दीवाल्याशी संधान असेल. मी चौकस बाई. गप्प बसवेना. सरळ विचारलं, "अत्तार, आमच्या दुधाच्या खाडाखोडी तुम्हाला कशाला हव्यात?" तर म्हणाले, "दुधाचं काही नाही. पानं मोजतो." म्हणजे? म्हणजे असं, की महिना संपल्यावरही एखाद्याला फोटो आवडला तर तो पान कापून ठेवून घेईल. भिंतीवर डकवेल, फ्रेम करेल. मग परत येताना कॅलेंडर अकरा पानांचं येईल. "कौतुक काय, तोंडावर सगळेच करतात. पान कमी भरलं तर ते खरं." हे सांगताना त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला निघालेल्या मुलासारखा झाला होता. मला एकदम त्या माणसाविषयी माया वाटली... आणि तरी मी माझं कॅलेंडर दिलं ते बाराच्या बारा पानांचं. त्यांनी तिथेच उभ्यानं पानं उलटली आणि म्हणाले, "हेही पूर्ण?" मी म्हटलं, "मला खोटं कौतुक जमत नाही." हे आमचं मग दर डिसेंबरला ठरूनच गेलं. ते मोजायचे, मान हलवायचे, आणि चहा घेऊन जायचे.

जुनी कॅलेंडरं तशी पूर्णच यायची. कुठे तेलाचे डाग, कुठे फोन करता करता कुणी काढलेली नक्षी, कुठे बॉलपेन न उमटल्यामुळे पडलेले नुसतेच ओरखडे. आणि एका वर्षी मांजरीच्या एका मळ्यावरून कॅलेंडर आलं त्यात ऑगस्ट नव्हता! अत्तार तरंगतच माझ्या टेबलाशी आले. "बाई, ऑगस्ट ठेवून घेतलाय. मळ्यावरच्या माणसांनी. त्यांच्याच शेतातल्या पाटाचा फोटो होता." कोणत्या भिंतीवर लावला असेल, चौकट केली असेल का, उजेड कुठून पडत असेल, नुसते प्रश्नावर प्रश्न. मग म्हणाले, रविवारी बघून येतो. मी म्हटलं, मीही येते. शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सोबत खिम्याचे आणि माझ्यासाठी वेगळे बटाट्याचे समोसे दिले आणि आम्ही बसनं मांजरीला गेलो.

घरातल्या सुनेनं ओळखलं. "फोनवालं आलं," म्हणत पाणी दिलं. अत्तारांची नजर भिंतींवरून फिरत होती. ऑगस्ट होता. देवघराच्या शेजारी, खिळ्याला लावलेला. पण वरचा फोटो गायब! नुसत्या खालच्या चौकटी तेवढ्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या. अत्तार बघतच राहिले. मग हळूच विचारलं, "वरचं चित्र...?"

"चित्र बी ब्येस हुतं हो," ती म्हणाली, "पोरानं वहीला कव्हर घातलं त्याचं. ह्ये न्हाई दिलं त्याला. आमच्या सासूबाईंचं अक्षर हाय ह्ये."

त्या चौकटींत रोज एक आकडा होता. वेडावाकडा, थरथरता. म्हातारपणी शिकायच्या वर्गाला जाऊन आजीबाई आकडे गिरवायला शिकल्या होत्या आणि म्हशीचं दूध किती निघालं ते रोज स्वतः लिहायच्या. महिन्याच्या मध्यावर आकडे थांबले होते. पुढच्या चौकटी कोऱ्या. "लिवाया शिकल्या आन् चारच महिन्यांत गेल्या बगा," सून म्हणाली, आणि पदरानं त्या पानावरची नसलेली धूळ पुसली.

परतीच्या बसमध्ये अत्तार खिडकीबाहेर बघत होते. मी समोसा पुढे केला, घेतला नाही. मला वाटलं, झालं, आटोपलं हे कॅलेंडर. हडपसर आलं तेव्हा म्हणाले, "मी वरचं मोजत होतो, बाई. लोक खाली राहत होते." आणि थोड्या वेळानं, "पण फोटो वाईट नव्हता हो तो." मी म्हटलं, "वाईट नव्हता. पण आजीबाईंच्या पुढे तुमचं काय चालणार?" तेव्हा कुठे हसले आणि हात पुढे करून समोसा मागितला.

पुढच्या वर्षी चौकटी दीडपट झाल्या. कागदही बदलला. गुळगुळीत कागदावर बॉलपेन उमटत नाही, त्यामुळे बायकांना एकेक आकडा तीन-तीनदा गिरवावा लागतो, हे त्यांना त्या ओरखड्यांवरून कळलं होतं. छापखानेवाला म्हणाला, अहो, या कागदावर फोटो मंद दिसेल. अत्तार म्हणाले, दिसू दे. शनिवार पेठेतल्या त्या छापखान्यात मी त्यांच्यासोबत गेले आहे. स्वतःच्या फोटोचा रंग उतरलेला बघताना त्यांच्या जिवाचं पाणी होत होतं, ते मला दिसत होतं. पण कागद तोच ठेवला. आणि तरीही, हा माणूस असा की, डिसेंबरात पानं मोजायची काही थांबली नाहीत. चौकटींसाठी कुणी पान ठेवलं तर आनंद होताच. पण कुणीतरी, एकदा, वरचं चित्र आणि खालचा महिना दोन्ही मिळून ठेवून घ्यावं, ही आस सुटली नव्हती. "तसं झालं तर मी फोटोग्राफर," म्हणायचे. मी म्हणायचे, "तोवर लाइनमनच बरे आहात."

मोबाइल आले. तारा उतरल्या, खांब गेले, आम्ही दोघंही निवृत्त झालो. भिंतीवरचा फोन गेला तसा त्याच्या डोक्यावरचा खिळाही कित्येक घरांतून गेला. कॅलेंडर घेणारी घरं कमी होत होत मोजकी उरली. मी त्यांना विचारलं, आता कशाला हा खटाटोप? म्हणाले, "कुतूहल." एवढंच. मला वाटतं, यापेक्षा खरं उत्तर मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

नुकत्याच सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरला मार्केट यार्डातल्या झेंडूचा ढीग होता. दिवाळी उलटून गेल्यावरचा. न विकलेला, कडेनं काळा पडायला लागलेला, आणि त्याला टेकून पाय पसरून बसलेला एक हमाल, पाठमोरा. आदल्या डिसेंबरात ते कॅलेंडर हातात घेतल्या घेतल्या मी म्हटलं होतं, "शिळा झेंडू कुणी भिंतीवर लावतं का? अपशकुन आहे नुसता." ते म्हणाले होते, "नोव्हेंबरात बघा. आत्ता नाही दिसणार." नोव्हेंबर लागला आणि पहिल्याच आठवड्यात नाझनीन तो निरोप घेऊन आली. उरलेला महिनाभर मी दुसरं काही केलं नाही, त्या झेंडूकडे बघत बसले. सण होऊन गेलाय. माल उरलाय. माणूस दमलाय, पण उठून गेलेला नाही. त्या ढिगावर सकाळचं असं काही कोवळं ऊन आहे की शिळी फुलंसुद्धा गरम वाटतात. इतकी वर्षं मी या माणसाचे फोटो उलटत होते आणि एकही बघितला नव्हता, असं वाटलं. चांगला फोटो आहे हो तो. फार चांगला आहे.

मग खालच्या चौकटी बघितल्या, आणि मागची पानंही उलटली. गॅस आला. बाई नाही. अत्तार, चहा. लाइट बिल. अत्तार आले होते, खोकला फार. अत्तारांना मध पाठवणे. संकष्टी. अत्तार आले नाहीत. ...सबंध वर्षात हे नाव मी इतक्या वेळा लिहिलंय, याची मला कल्पनाच नव्हती.

डिसेंबर संपता संपता नाझनीन नवं कॅलेंडर घेऊन आली. जायच्या आधीच त्यांनी ते छापून घेतलं होतं. उरलेली घरं ती एकटीनं फिरत होती. चहा झाल्यावर तिनं हात पुढे केला, अगदी बापासारखा. "जुनं द्या, मावशी."

"नाही देत."

ती चमकली. "कोणतं पान कापलंत?"

"कापलं नाही. अख्खं ठेवलंय. वरचं, खालचं, सगळं."

ती भिंतीकडे बघत राहिली. मग नवं कॅलेंडर शांतपणे गुंडाळून पिशवीत घातलं. "मग नवं नाही मिळणार. अब्बांची अट आहे."

"मला माहीत आहे."

दोन जिने उतरून गेली असेल, आणि पुन्हा वर आली. डोळे लाल झाले होते. म्हणाली, "मावशी, अब्बा घरी काय म्हणायचे माहितीये? लिमयेबाईंच्या घरून एक पान जरी परत आलं नाही ना, तर सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटीन."

"मग वाट," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. कॅलेंडर आणलं नाही. माझ्या भिंतीवर आता मागचंच वर्ष आहे, आणि आज वार कोणता हे विचारायला मला शेजारी जावं लागतं.