असली सुई कुणाला लागली?

"इन्फ्लुएन्झा आहे," स्वॅबचा, म्हणजे नाकात घातलेल्या कापसाच्या काडीचा, रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. साधी सर्दी नव्हे, फ्लू. बीपी-शुगरवाल्यांच्या हृदयाला तो महागात पडू शकतो. मला मात्र आधी माझ्या धाकट्या जावेचा, पुष्पाचाच राग आला.

आम्ही दोघींनी फ्लूच्या लसीच्या अभ्यासात नाव दिलं होतं. पुष्पाच्या हृदयात स्टेंट, मला बीपी-शुगर. अशा माणसांना लस किती उपयोगी पडते, ते मोजायचं होतं. निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लॅसिबो, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

पुष्पाचा दंड सुजला, माझा नाही. झालं! स्मृति नगरहून आमच्या हुडको वसाहतीत येऊन तिनं तो दंड मिरवला. "ताई, मले तं असली, लसवाली सुई लागली. तुमाले पानीच टोचलं वाटते."

माझा जळफळाट झाला. बंगला तिला, गुणाची सून तिला, आता लसही तिलाच?

पाणीच टोचलंय म्हणून मी मास्क लावून फिरू लागले. ताप येताच दवाखाना गाठला. लगेच गोळ्या सुरू झाल्या. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला मार बसला का ते सांगणारी रक्ततपासणी, चांगली आली. तरी दवाखान्याच्या पलंगावर पडून मी चरफडत होते. पुष्पा आता सिविक सेंटरच्या बाजारात मजेत चाट खात असेल!

मला दवाखान्यातून सुटी मिळाली, त्या दिवशी आयसीयूच्या दाराशी दीर दिसले. डोळे सुजलेले.

"वहिनी, तिलेबी तोच ताप. म्या म्हनलं दवाखान्यात चाल. तं म्हने, मले असली सुई लागली हाय, कावून जाऊ? आता दम लागून राहिला."

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "सुजेवरून काही कळत नाही. पाण्यानंही दंड दुखतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण मग हृदयाला मार कमी बसतो का, तेच तर मोजून राहिलो आपण."

म्हणून सांगते, लस घेतलेली असो वा नसो, ताप आला की घरी बसू नका.

मी बरी झाले. पुष्पा अजून आत आहे. तिचं चांगलं मला कधीच बघवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण आज त्या बंद दारापुढे हात जोडले आणि म्हटलं, देवा, पानी मलेच टोचलेलं असू दे. असली सुई तिलेच लागलेली असू दे.