सुभेदारांना दिसणारं पिवळं

त्या वस्तीवरची भरदुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी पुष्कळ मृतदेह पाहिले, त्यांची कधी भीती वाटली नाही. त्या दुपारी मात्र एका जिवंत माणसाला पाहून अंगावर काटा आला. नावं सांगणार नाही. ती माणसं आजही तिथंच राहतात.

मी तेव्हा माण तालुक्यातल्या एका ठाण्यात साहाय्यक पोलीस निरीक्षक होते. सकाळची हजेरी घेऊन मी ड्युट्या वाटत होते, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "बाई हाय म्याडम. तुमालाच बोलायचं म्हणती."

आवाज दबका होता. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"वस्तीवरचं सुभेदार मराय टेकल्यात. मेलेली बायकू दिसती त्यास्नी. धाकट्या सुनंनं चहातनं कायतरी घातलंय म्हणत्यात समदी. आज देवऋषी येणार हाय, तिच्याकडनं कबूल करून घेणार. लवकर या, न्हाईतर तिचं काय खरं न्हाई."

तिने वस्तीचं नाव सांगितलं आणि मी "तुम्ही कोण?" म्हणून विचारेपर्यंत फोन ठेवला.

निनावी फोनच्या मागे जाऊन आम्ही भरपूर डिझेल जाळलेलं आहे. पण खोटी खबर देणारा बहुतेक वेळा कुणाला तरी अडकवायला बघतो. ही बाई कुणाला तरी सोडवा म्हणत होती. एक हवालदार आणि एक महिला शिपाई बरोबर घेऊन मी निघाले.

म्हसवड मागे पडलं की माळ सुरू होतो. त्या माळावर एक लांबलचक घर होतं. मधोमध भिंत घालून त्याची दोन केलेली, दोन दारं, दोन चुली. दोन मुलांत वाटणी होऊन काही वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. अंगणात पंचवीस-तीस माणसं उभी होती. धाकट्याच्या दारापाशी एक तरणी बाई केस सोडून बसवलेली, पुढ्यात लिंबं. आणि कडुलिंबाच्या झाडाखाली बाजेवर सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, ताठ बसलेले. अंगात नुसती हाडं उरली होती.

"जय हिंद, मॅडमसाब," ते म्हणाले. "पोलिसांस्नी पिवळी गाडी कवापासनं दिली सरकारनं?"

आमची गाडी पांढरी होती.

मग त्यांनी माझ्या खांद्यामागे बोट केलं. "आन तिला जरा बसाया जागा द्या. सकाळधरनं हुबी हाय."

गर्दीतली दोन माणसं खरोखरच बाजूला सरकली. मी वळून पाहिलं. ऊन इतकं डोक्यावर होतं की मागे माझी सावलीसुद्धा नव्हती.

"कोण उभी आहे, सुभेदार?"

"आमची मंडळी. आधी दिव्याभवती पिवळं कडं दिसतं, मग ती येती. समद्या तोंडाला हळद लावून. काय बोलत न्हाई."

बायको जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. भीती ऐकणाऱ्यांना वाटत होती, आणि घाबरलेला जमाव काय करू शकतो हे मला ठाऊक होतं. मी गर्दीतल्या देवऋषीला बोलावून जादूटोणाविरोधी कायदा दोन वाक्यांत समजावला. पाणी पिऊन येतो म्हणून तो जो गेला, तो परत दिसला नाही. महिला शिपायाने त्या बाईचे केस बांधून दिले आणि तिला घरात नेलं.

थोरला मुलगा माझ्या अंगावर आला. "म्याडम, आदी तिला बेड्या घाला! बाप मारला माझा तिनं."

"बाप अजून बसलाय समोर," मी म्हणाले. "आधी त्यांना वाचवू, मग बेड्यांचं बघू."

माझ्या वडिलांना हृदयविकार होता, त्यामुळे नाडी बघायची सवय आहे. सुभेदारांचं मनगट धरलं. एक ठोका लागायचा आणि मग वाट पाहायला लागायची. पुढचा येतो की नाही, असं वाटायला लावणारी नाडी. कित्येक दिवस जेवण जात नाही, उलट्या होतात, असं कुणीतरी सांगितलं. थोरल्याला आणि हवालदाराला बरोबर देऊन आमच्याच गाडीतून त्यांना साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. अंगण रिकामं केलं आणि धाकट्या सुनेसमोर बसले.

विषप्रयोगाचा संशय असला की आम्ही त्या माणसाच्या तोंडात दिवसभरात काय काय गेलं ते विचारतो. सुभेदारांची पाळी ठरलेली होती. सकाळचा चहा आणि दुपारची भाकरी थोरल्याकडे. दिवस कलला की चहा आणि रात्रीचं जेवण धाकट्याकडे.

"त्याच पातेल्यातला चहा मी बी पिती," ती म्हणाली. ती रडत नव्हती, रडून झालेलं होतं. "मामंजींच्या ताटातलं उरल्यालं बी खाती. मला काय झालं न्हाई ते?"

"अजून काय देता त्यांना?"

"जेवान. आन हृदयाची गोळी. आमचं हे सांगलीला कामाला हायत, त्यांनी तिथल्या विश्रामबागच्या डॉक्टरला दाखवून आणलंय. येक दिस चुकवली न्हाई म्याडम मी गोळी. इचारा कुणालाबी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. कुणाला उद्देशून नाही, असा.

"गोळी तर सकाळी हितं देत्यात म्हणावं."

सकाळी फोनवर ऐकलेला आवाज मी लगेच ओळखला. थोरली जाऊ. धाकटीशी बोलत नव्हती, तिच्यासाठी ठाण्याला फोन मात्र केला होता. त्या दोघी अशाच राहायच्या, सांगायचं ते भिंतीला सांगायचं.  

मग मी उठून थोरल्याच्या दाराने आत गेले. तिच्याकडून एक डबी आणली, धाकटीकडून दुसरी, आणि दोन्ही डब्या ओट्यावर शेजारी ठेवल्या. रंग वेगळे, वर छापलेली नावं वेगळी. मला औषधातलं काही कळत नाही. पण जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूवरचं बारीक अक्षरही वाचायचं, ही आमची शिस्त. दोन्हींवर खाली बारीक अक्षरात एकच औषध होतं, डिगॉक्सिन.

फोटो काढून दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांचा फोन ताबडतोब आला.

"एकच औषध आहे, मॅडम. कंपन्या दोन. यात योग्य मात्रा आणि जास्त मात्रा यांत फार अंतर नसतं. या वयात मूत्रपिंड कमी चालतं, मग ते अंगात साठत जातं. भूक मरते, ठोके मंदावतात, सगळं पिवळं दिसतं, दिव्याभोवती कडी दिसतात, भ्रम होतो. चांगलं औषध आहे, पण दुप्पट गेलं तर जीव घेतं."

"आणि त्यांची बायको?"

"भ्रमात कोण दिसावं हे औषध ठरवत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन्ही मुलांचे जबाब घेतले. थोरल्याने वडिलांना साताऱ्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात दाखवलं होतं. आपण कमी पडायला नको म्हणून धाकट्याने सांगलीला नेलं.

"सांगलीच्या डॉक्टरांनी आधीची औषधं विचारली नाहीत?"

"इचारली की. मी न्हाई म्हणलं." धाकटा खाली बघत होता. "त्या घरात काय चालतं ते आमाला काय म्हाईत?"

"वडील शेजारीच बसले होते ना?"

याचं उत्तर सुभेदारांनीच दिलं. नाडी सुधारली होती, छातीला तारा लावलेल्या.

"मॅडमसाब, भाकरी दोघांची खातो. गोळी एकाचीच घेतली तर दुसऱ्याला वाटंल, म्हाताऱ्याचा आपल्यावर इस्वास न्हाई. म्हणून सकाळी थोरल्याची, रातच्याला धाकट्याची."

"निदान डॉक्टरांना सांगायचं."

"त्यो म्हणला असता, एक बंद करा." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमीच सांगा, कुणाची बंद करू?"

विषप्रयोगाचा गुन्हा घडलाच नव्हता, त्यामुळे तो दाखल करण्याचा प्रश्न आला नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद करून मी विषय मिटवला. पण तेव्हापासून कुठल्याही घरी आजारी म्हातारं माणूस दिसलं की मी आधी सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतायला सांगते. नाव वेगळं म्हणून औषध वेगळं समजू नका. डॉक्टरांनी विचारलं तर घरची भांडणं बाहेर ठेवून उत्तर द्या. आणि घाबरून मनानेच गोळी बंदही करू नका, त्यानेही माणसं गेलेली मी पाहिली आहेत. सुभेदारांचं औषध डॉक्टरांनी काही दिवस थांबवलं, रक्त तपासलं आणि मग कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. आता गोळी एकच, डॉक्टर एक, डबीही एक.

काही आठवड्यांनी बंदोबस्तावरून परतताना वस्तीवर थांबले. भिंत होती तिथंच होती. सुभेदार झाडाखाली बसलेले, अंगावर थोडं मांस चढलेलं. "गाडी पांढरी हाय," ते आपणहून म्हणाले. दोघी सुना चहा आणायला आत गेल्या, तसे ते माझ्याकडे वाकले.

"मॅडमसाब, ती यायची बंद झाली."

"चांगलंच झालं की."

त्यांनी डबीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं.

"एखाद्या दिवशी दोन घेतल्या, तर येईल का वो?"

मी त्यांच्या हातातली डबी काढून घेतली. चहा घेऊन दोघी बाहेर आल्या तेव्हा ती थोरलीच्या हातात दिली आणि धाकटीला सांगितलं, "रोज तुझी जाऊ गोळी देईल, तू समोर उभं राहायचं. आणि डबी यांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "कुठं ठिवू?" थोरलीने विचारलं, आणि या वेळी ती भिंतीशी बोलत नव्हती.