मुंग्या दादासो

आमच्या दादाला कोडोलीत कुणी दादासो म्हणत न्हाय. मुंग्या म्हणतात. कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर झाला, पोरगं कॉलेजात गेलं, डोक्यावरचे केस गेले, पण मुंग्या काय गेल्या न्हाईत. आमच्या गावानं एकदा नाव पाडलं की ते सरणापर्यंत सोबत येतंय.

त्याचं असं झालं. दादा चौथीत असताना कोल्हापूरकडची काही पोरं मुंबईला टीव्हीवर न्यायची ठरली, लहान मुलांच्या कार्यक्रमात. दादाचा आवाज खणखणीत, म्हणून गुरुजींनी त्याचं नाव दिलं. रेकॉर्डिंग करून आला आणि गावभर सांगत सुटला, "मी गाणं म्हटलंय. रविवारी संध्याकाळी बघा!" तवा गल्लीत टीव्ही एकच, आमचा. अख्खी गल्ली आमच्या सोप्यात येऊन बसली. आणि नेमक्या वक्ताला पडद्यावर नुसत्या मुंग्या! आमचे वडील, आण्णा, कौलावर चढून अँटेना फिरवतायत, खालनं माणसं वरडतायत, "आलं, आलं... गेलं!" चित्र आलं ते थेट बातम्यांचं. कुणीतरी म्हणालं, "दादासो काय दिसला न्हाय बाबा, मुंग्याच दिसल्या." झालं!

पुढं पुढं तर तो टीव्हीवर गेलताच न्हाय, थाप मारली, असं ठरलं. बोलायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. दादा आधी भांडायचा, मग हसायचा, मग गप्प बसायला लागला. मला त्याचं ते गप्प बसणं बघवायचं न्हाय. मी त्याची धाकटी बहीण, दीपा. माझं तोंड तिखट म्हणतात. असू दे. ह्या एका गोष्टीपायी मी निम्म्या गल्लीशी भांडण काढलंय.

आता त्याचा पोरगा अनेकांत कोल्हापुरात सिनेमा-टीव्हीचं शिकतोय. जुने काळे-पांढरे माहितीपट बघत बसतो; धरणांचे, हातमागांचे, कसले कसले. एकदा मला म्हणाला, "आत्ती, पूर्वी थेटरात पिक्चरच्या आधी हे दाखवायलाच लागायचे."

म्हटलं, "माहीत हाय की! ते लागलं की माणसं भजी खायला बाहेर जायची."

लई राग आला त्याला. शेवटच्या वर्षाला त्याला स्वतःचा माहितीपट करायचा होता. विषय घेतला, जुने मुलांचे टीव्हीवरचे कार्यक्रम. मला तवाच कळलं, हे पोरगं बापाला हुडकायला निघालंय.

मुंबईला फोन केले. उत्तर आलं, त्या काळी टेपा पुसून त्यावरच दुसरं रेकॉर्डिंग करायचे, काही उरलं न्हाय. त्याचे सर म्हणाले, "जुने माहितीपटवालेसुद्धा घडून गेलेलं लोकांकडून परत करून घ्यायचे. तूही एक मुलगा उभा कर, गाणं म्हणून घे." अनेकांत तोंड पाडून माझ्यापाशी येऊन बसला.

"आत्ती, दुसरं पोरगं उभं केलं की पप्पांचं खोटंच होतं, हे पक्कं होणार."

शाबास रे वाघा! ऊर भरून आला माझा.

मग त्यानं त्या वेळची पोरं हुडकायला घेतली. मधुवंती म्हणून एक सापडली, आता सांगलीत डॉक्टर हाय. तिच्या काकांनी पुण्यात घरच्या व्हीसीआरवर तो कार्यक्रम उतरवून घेतलता. पण टेपला ही एवढी बुरशी! आमच्यातला विश्वजित लग्नाची शूटिंग करतो, त्यानं ती साफ करून कशीबशी कॉम्प्युटरवर घेतली.

मग एका दुपारी सगळे लॅपटॉपपुढं बसलो. आमची आई सीताबाई मधोमध. अनेकांत कॅमेरा लावून कोपऱ्यात. दादा मात्र दारातच उभा. "मी न्हाय बघत," म्हणाला. मला कळत होतं त्याचं. इतकी वर्षं ज्याच्यापायी बोलणी खाल्ली, ते त्यात नसलंच तर?

कार्यक्रम सुरू झाला. एक गाणं झालं, दुसरं झालं, दादाचं काय येईना. त्याचं गाणं कापलं होतं. शेवटी कार्यक्रम घेणाऱ्या ताईंनी पोरांना विचारलं, घरच्यांना काय सांगायचंय? कुणी नमस्ते म्हणालं, कुणी टाटा केलं. आणि मागच्या रांगेतनं एक तेल चोपडलेलं डोकं वर आलं. आमचा दादा!

"आई," तो म्हणाला, "माझी वाट बघू नको. दिवस मावळायच्या आत जेवून घे."

सगळी पोरं खो खो हसली. कार्यक्रम संपला.

"दिसलो की गं मी!" दादा दारातनं वरडला. "दीपे, दिसलो की!"

मी आईकडं बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती. आम्ही जैन, दिवस मावळला की आमच्यात तोंडात घास घालत न्हाईत. कार्यक्रम ऐन दिवस मावळायच्या वक्ताचा, आई टीव्हीपुढनं हलायची न्हाय, हे त्या एवढ्याशा पोराला कळलं होतं.

"खरंच बसलती रं मी," आई म्हणाली. "तुझं तोंड दिसू दे, मग जेवू म्हटलं. मुंग्या बघता बघता दिवस बुडाला. उपाशीच झोपली."

दादा आत आला, तिच्या पायापाशी बसला. "मग इतक्या वर्षांत कधी बोलली न्हाईस ते?"

"गाव तुला हसत हुतं," आई म्हणाली. "त्यात आणि मी उपाशी राहिली म्हणून कुठं सांगू? तुझ्या घशाखाली घास उतरला नसता, लेकरा."