गार्डची बोटं

क्लेटन फेरीच्या चर्चमध्ये एमिल डुर्को कायम शेवटच्या बाकावर बसतो, भिंतीला पाठ लावून. पुढे कितीही जागा रिकामी असली तरी. फादरनी एकदा हटकलं, तर म्हणाला, "इथून सगळे दिसतात." त्याची बायको डोलोरेस पुढून मान वळवून म्हणाली, "या वयात तुझ्यावर कोण चाल करून येणार आहे रे? मिसेस पावलिक? चौऱ्याऐंशीची आहे ती."

डोलोरेसचं म्हणणं खरं आहे. पण अकरा हंगाम ज्याने बचावाच्या मधोमध उभं राहून व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू बगलेत मारून धावण्याचा खेळ, खेळला, त्याला पाठीमागे मोकळी जागा सोसत नाही. आणि एमिलचा संशय काही फुटबॉलने लावलेला नव्हता. फुटबॉलने फक्त त्याला काम दिलं.

त्याचा बाप पोलादाच्या भट्टीवर होता. घरात सहा भावंडं. रविवारी कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं मोठं पातेलं टेबलावर यायचं आणि शेवटचा गोळा कुणाचा, यावर युद्ध व्हायचं. थोरला भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "अरे, ट्रक बघा केवढा!" सगळे बाहेर बघायचे. धाकटा एमिल भावाच्या हाताकडे बघायचा. डोळे ट्रककडे असत, हात पातेल्याकडे निघालेला असे. आठव्या वर्षी एमिलला कळलं होतं की माणूस डोळ्यांनी फसवतो, तोंडाने फसवतो, पण ज्याला काही उचलायचंय त्याचे हात आधी बोलतात.

शाळेत त्याला लाइनबॅकर केलं. समोरच्या संघाचा गडी चेंडू बगलेत दाबून कुठून घुसणार ते ओळखायचं आणि त्याला तिथेच आडवं करायचं, एवढंच ते काम. एमिल फार पळत नसे, फार उंचही नव्हता. पण जिथे जायचं तिथे तो आधीच पोचलेला असे. त्याने शाळा गाजवली, मग एक लहानसं कॉलेज, आणि बाविसाव्या वर्षी तो पोर्ट ॲलनच्या व्यावसायिक संघात दाखल झाला. तिथे सोबत्यांनी त्याचं नाव ठेवलं 'सासूबाई.' कारण नवीन बूट मिळाले की तो आधी आत हात घालून बघे, जेवणाच्या रांगेत वाढणाऱ्याने मोठा तुकडा दिला की विचारी, "का?"

"का म्हणजे? भूक लागली असेल म्हणून!"

"काल नव्हती लागली वाटतं मला?"

दर जुलैत संघ एका कॉलेजच्या वसतिगृहात सरावाला उतरे. येत ऐंशी जण, उरत चाळीस. बाकीच्यांना घरी पाठवण्याचं काम बिक्सबी नावाच्या एका म्हाताऱ्या मदतनिसाकडे होतं. स्वभावाने अगदी गरीब माणूस, पायात रबरी तळव्यांचे बूट, म्हणून आवाज नाही. सकाळी न्याहारीच्या आधी तो दारावर दोनदा ठोकायचा आणि म्हणायचा, "कोच बोलावतायत. डावांची वही घेऊन ये बाबा." वही मागितली की खेळ संपला. पोरं त्याला 'यमाजी' म्हणत. आणि त्यांच्यात एक पक्की समजूत होती, की यमाजी तोंडासमोर येऊन ते वाक्य बोलत नाही तोवर माणूस संघात असतो. एकजण म्हणे दिवसभर धोबीखान्यात टॉवेलांच्या ढिगामागे बसून राहिला. तेवढ्यात मैदानावर दुसऱ्या कुणाचा गुडघा गेला, आणि हा त्या जागी चार वर्षं खेळला. खरं-खोटं देव जाणे. पण दर वर्षी कुणी ना कुणी लपायचंच.

एमिल आठ वर्षं लपला नाही. नवव्या वर्षी तो तीस वर्षांचा झाला आणि त्याला चिन्हं दिसू लागली.

पहिलं चिन्ह म्हणजे कोच ग्रिंडल. एरवी 'डुर्को' म्हणून ओरडणारा माणूस सोमवारी म्हणाला, "काय एमिल, घरचे बरे ना?" ज्याला काढायचं त्याचंच पहिलं नाव कोचला आठवतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग गुडघ्याला पट्टी बांधणाऱ्याने विचारलं, "दुखतो का रे जिने चढताना?" असं त्याने आठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आणि तिसरं चिन्ह, एमिलच्या शेजारचं कपाट रिकामं करून ते रोलंड थिबोला दिलं.

थिबो सव्वीस वर्षांचा, लुइझियानाचा, दोन वर्षं कॅनडात खेळून आलेला. जागाही एमिलचीच खेळायचा. बायको आणि चार महिन्यांची मुलगी यांना घेऊन गावाबाहेर एका भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहत होता. मोकळा माणूस. मनात आलं की तोंडात आलं.

"सासूबाई, एक सांग," तो दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "चेंडू हलायच्या आधीच तू निघतोस. कसं काय? समोरच्यांनी तुला चिठ्ठी पाठवलेली असते का?"

एमिलने बूट बांधता बांधता वर पाहिलं. "तुला कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? मला शिकायचंय."

शिकायचंय! घरात घुसणारा चोर कधी कुलपाची किल्ली अशी मागून घेतो का? एमिलला वाटलं, हा एकतर फार भोळा आहे किंवा फार पोचलेला. कुठला ते कळेपर्यंत सावध राहिलेलं बरं. पण नुसतं नाही म्हटलं असतं तर गोष्ट कोचच्या कानावर गेली असती. म्हणून तो उठला, सिमेंटवर उकिडवा बसला आणि एक हात जमिनीला टेकून म्हणाला, "समोरच्या रांगेतल्या गार्डकडे बघ. मधल्या गड्याच्या शेजारचा. त्याच्या डोळ्यांकडे बघ. जिकडे जायचंय तिकडे तो एकदा चोरून बघतोच."

हे अगदीच खोटं नव्हतं. कच्चे गार्ड बघतात. पण मुरलेले गार्ड मुद्दाम उलटीकडे बघतात, आणि या खेळात कच्चा गार्ड फार दिवस टिकत नाही. खरी गोष्ट बोटांत होती. गार्डला पुढे मुसंडी मारायची असेल तर त्याचा भार जमिनीला टेकलेल्या बोटांवर येतो, नखं पांढरी पडतात. मागे सरून चेंडू फेकणाऱ्याला राखायचं असेल तर बोटं नुसती मातीला शिवलेली असतात. हे एमिलने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. डोलोरेसलासुद्धा.

दोन आठवड्यांनी आपापसांतल्या सामन्यात थिबो तीनदा उलट्या दिशेने धावला. तिसऱ्या वेळी तर इतका जोरात, की प्रेक्षकांत हशा पिकला. एमिल कडेला उभा राहून पाणी पीत होता. तो घोट घशात अडकला, असं तो आता सांगतो. डोलोरेस म्हणते, त्या वेळी काही अडकलं नव्हतं, नंतर अडकलं.

शेवटची यादी जायच्या दिवशी सकाळी एमिल पलंगावर बसून दाढीचा साबण पुसत होता. बोळातून रबरी तळव्यांची सुळसुळ आली. शेजारच्या दारापाशी थांबली नाही. त्याच्या दाराशी थांबली. दोनदा टकटक झाली.

एमिलने डावांची वही काखेत मारली, खिडकी वर सरकवली आणि उडी टाकली. खोली तळमजल्यावर होती, तेवढं बरं. ऐंशी मैलांवर घर. बस बदलत बदलत दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा डोलोरेस इस्त्री करत होती.

"काढलं?" तिने विचारलं.

"अजून नाही. मी सापडलोच नाही."

तिने इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे तू पळून आलास?"

"पळून नाही. खिडकीतून."

तेवढ्यात फोन वाजला. एमिल भिंतीला टेकून फोनकडे साप बघावा तसा बघत राहिला. "घरी नाही म्हणून सांग."

"मी खोटं बोलणार नाही. परवाच कन्फेशनला जाऊन आलेय." तिने उचलला, ऐकलं आणि त्याच्या पुढ्यात धरला. "ग्रिंडल."

"डुर्को," पलीकडून आवाज आला, "बिक्सबी सांगतोय, तू खिडकीखालचा कॉलेजच्या डीनबाईंचा झेंडूचा वाफा तुडवलास."

एमिलने पाय उचलून बुटाचा तळवा पाहिला.

"तुला कुणी काढलेलं नाही, गाढवा. या वर्षी बचावाचे सगळे इशारे, कुणी कुठे सरकायचं ते, तू द्यायचेस. ते सांगायला बोलावलं होतं. आणि एक विचारायचं होतं. तो थिबो. ताकद आहे, पाय आहेत, पण फिल्म बघितली, तीनदा फसलाय. तुझ्या हाताखाली तो शिकेल का? शिकेल म्हणालास तर दोघांनाही ठेवतो, झेलणारा एक गडी कमी करतो. नाही तर त्याला जाऊ देतो. चारला सही करून यादी पाठवायचीय."

एमिलने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. डोलोरेस बघत होती. कोच स्वतःहून आपल्याला विचारतोय? का? शिकेल म्हणालो तर पुढच्या वर्षी माझी जागा त्याला द्यायला मोकळा. शिकणार नाही म्हणालो तर विचारेल, तीनदा फसला तो कुणाच्या शिकवणीने? थिबोने सांगितलंच असेल. म्हणजे कोचला सगळं माहीत आहे आणि तो मला बोलतं करतोय. डोळे एकीकडे, हात दुसरीकडे.

"मला काय माहीत, कोच," तो म्हणाला. "मी त्याला फारसा ओळखत नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "बरं. पाचला मैदानावर ये. दारातून ये."

गाडी डोलोरेसने काढली. तासाभराने ती म्हणाली, "थिबो म्हणजे तोच ना, ज्याच्या मुलीला मी टोपी विणून दिली?"

"हं."

"तू त्याला ओळखत नाहीस?"

"डोलोरेस, तुला कळत नाही. कोच काहीतरी काढून घेत होता माझ्याकडून."

"तो विचारत होता, एमिल. माणसं कधी कधी नुसतं विचारतात." तिने पुढच्या ट्रकला वाट दिली. "शिकला असता का तो?"

एमिलने खिडकीची काच खाली केली, मग पुन्हा वर केली.

"मी विचारतेय. हो की नाही?"

"हो," तो म्हणाला. "आठ दिवसांत शिकला असता. मी धड सांगितलं असतं तर."

मग त्याने तिला बोटांची गोष्ट सांगितली. आणि डोळ्यांचीही. ती ऐकून तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्या एका नजरेने तो सीटवर खाली सरकला. "साडेतीन झालेत," ती म्हणाली. "पुढे पेट्रोल पंपावर फोन आहे."

पंप रुळांच्या पलीकडे होता, आणि फाटक पडलेलं होतं. कोळशाची गाडी चालली होती. इथल्या लोकांना त्या गाड्यांचं काही वाटत नाही. शंभर डबे, सव्वाशे डबे, लोक इंजिन बंद करून पेपर काढतात. एमिल खाली उतरून फाटकाशी उभा राहिला. डब्यांच्या फटींतून पलीकडची फोनची पेटी दिसत होती, झाकली जात होती, पुन्हा दिसत होती. मध्येच गाडी थांबली. मग धक्का खाऊन पुन्हा निघाली. शेवटचा डबा गेला तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

फोन बिक्सबीने उचलला. "अरे, आहेस कुठे तू? कोच मैदानावर गेले. यादी? ती तर गेली बाबा. थिबोला मीच सांगितलं आत्ता. बरा माणूस. माझा हात हातात घेतला त्याने."

वसतिगृहाच्या आवारात पोचले तेव्हा थिबो सुटकेस घेऊन टॅक्सीच्या मागे उभा होता. एमिल जवळजवळ धावत गेला. "थिबो, ऐक. बोटं. डोळे नाही, बोटं बघायची." तो चांगल्या पँटीनिशी डांबरावर उकिडवा बसला, हात टेकला, भार पुढे टाकला. "हे बघ, नखं पांढरी झाली. आता तो अंगावर येणार. आणि हे असं, हलकी, म्हणजे मागे सरणार. दुसरीकडे कुणी घेतलं तुला तर पहिल्या दिवसापासून हे बघ. सगळं यातच आहे."

थिबोने पूर्ण ऐकून घेतलं. मग सुटकेस टॅक्सीत टाकली. "आणि हे खरं कशावरून?"

एमिलने बसल्या बसल्या पुन्हा बोटं डांबरावर दाबली.

"गेल्या महिन्यातही तू असंच बसून दाखवलं होतंस," थिबो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचार करत होता. "आज का सांगतोयस? माझ्याकडून आता काय हवंय तुला?" त्याने गाडीतल्या डोलोरेसला हात केला, टोपीला बोट लावलं आणि निघून गेला. पुढे तो कॅनडात आणखी दोन हंगाम खेळला, एवढंच कानावर आलं. गार्डच्या डोळ्यांत बघून की बोटांत, ते कळायला मार्ग नव्हता. एमिलने दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

पाच वाजता एमिल मैदानावर गेला. ग्रिंडलने फक्त एवढंच म्हटलं, "आजपासून इशारे डुर्को देईल." बचावाचे दहा गडी आपापल्या जागी उभे राहिले आणि माना वळवून त्याच्याकडे बघू लागले. एमिलने सवयीने एकेकाचे हात न्याहाळले. कुणाचेच हात काही लपवत नव्हते. समोर डावीकडच्या गार्डने बोटं मातीत रोवली, नखं पांढरी पडली. एमिलने डावीकडचा इशारा दिला, आणि दहाच्या दहा जण, एकानेही का म्हणून न विचारता, डावीकडे सरकले.